ध्यास : किती आणि कसा

11 ऑगस्ट 2008 रोजी बीजिंगमध्ये अभिनव बिंद्राने 10 मीटर एअर रायफलचं सुवर्णपदक जिंकलं. भारताचं ऑलिंपिकमधलं ते पहिलं वैयक्तिक सुवर्ण. तीन वर्षांनी त्याचं आत्मचरित्र आलं, तेव्हा त्याच्या उपशीर्षकातच त्याने आपल्या प्रवासाला झपाटलेला प्रवास म्हटलं होतं. पुढे अनेक जाहीर मुलाखतींत आणि भाषणांत त्याने आणखी एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली. आयुष्यातला मनाचा सगळ्यात अवघड काळ हरण्यानंतर आला नाही, तो जिंकल्यानंतर आला. जवळजवळ दीड दशक सगळं आयुष्य ज्या एका बिंदूभोवती बांधलं होतं, तो बिंदू हाती लागला आणि उद्या सकाळी उठून काय करायचं हेच कळेना.

ही कबुली आपल्या क्रीडाविचाराला पचवायला जड जाते. खेळाडूचा ध्यास आपण नेहमी प्रमाणात मोजतो. किती वाजता उठतो, किती बैठका मारतो, अंगात ताप असताना किती षटकं टाकली, बहिणीच्या लग्नालाही सराव कसा चुकवला नाही, हे आपण कौतुकाने सांगतो. वेड लागल्याशिवाय काही होत नाही, हे वाक्य मैदानावर, तालमीत आणि सत्कार समारंभात सारख्याच खात्रीने उच्चारलं जातं. त्यात तथ्य आहेच. वर्षानुवर्षं तेच ते कष्ट उपसायचे तर नुसती आवड पुरत नाही. पण तेवढ्याच तीव्रतेचा ध्यास एका खेळाडूला फुलवतो आणि दुसऱ्याला आतून पोखरतो, हे मैदानावर वावरणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेलं असतं. तिथे प्रमाणाची पट्टी अपुरी पडते आणि प्रकाराचा प्रश्न उभा राहतो. हे पुस्तक त्या प्रश्नाभोवती रचलेलं आहे.

प्रश्न तसा जुनाच आहे. युरोपीय तत्त्वज्ञानात तीव्र भावनांविषयी दोन मतं शतकानुशतकं शेजारी नांदली. एका मताप्रमाणे अशी भावना माणसाला गुलाम करते, दुसऱ्याप्रमाणे ती बुद्धीच्या हाती असली तर बळ देते. देकार्तने 1649 मध्ये या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. विसाव्या शतकात मानसशास्त्र प्रयोगशाळेत स्थिरावलं आणि हा विषय बराचसा बाजूला पडला. त्याच्या जागी प्रेरणा, सवय, बक्षीस, शिक्षा असे मोजता येण्यासारखे विषय आले. खेळाचं मानसशास्त्रही त्याच वाटेने गेलं. 1898 मध्ये नॉर्मन ट्रिप्लेट यांनी सायकलपटूंच्या वेळा तपासल्या आणि एकट्याने चालवताना व इतरांबरोबर चालवताना पडणारा फरक दाखवला. 1925 मध्ये कोलमन ग्रिफिथ यांनी इलिनॉय विद्यापीठात खेळाडूंच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा काढली. या सगळ्यांना प्रामुख्याने कामगिरी सुधारायची होती. खेळताना माणसाला काय वाटतं आणि खेळ बंद पडल्यावर त्याचं काय होतं, हा चौकशीचा मुख्य विषय व्हायला अजून अवकाश होता.

1970 च्या दशकात तो तीन वाटांनी पुढे आला. पहिली वाट एडवर्ड डेसी यांची. 1971 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात ठोकळ्यांची कोडी सोडवण्याबद्दल काही विद्यार्थ्यांना पैसे दिले आणि काहींना दिले नाहीत. पैसे घेतलेल्यांनी मोकळ्या वेळात त्या कोड्यांना कमी हात लावला. बाहेरचं बक्षीस आतल्या आवडीला धक्का लावू शकतं, हे त्यातून पुढे आलं आणि रिचर्ड रायन यांच्यासोबत डेसी यांनी स्वयंनिर्णयाचा मोठा सिद्धांत उभारला. आपण हे आपल्या मर्जीने करतो आहोत, आपल्याला हे जमतं आहे आणि आपण कुणाचे तरी आहोत, या तीन गरजा भागल्या की माणूस मनापासून झटतो, हे त्याचं सार. दुसरी वाट मिहाय चिक्सेंटमिहाय यांची. गिर्यारोहक, नर्तक, बुद्धिबळपटू यांच्याशी बोलून त्यांनी 1975 मध्ये त्या तल्लीन अवस्थेचं वर्णन केलं, जिथे आव्हान आणि कौशल्य एकमेकांना भिडलेले असतात आणि वेळेचं भान राहत नाही.

तिसरी वाट मला सगळ्यात बोलकी वाटते, कारण ती थेट धावपटूंच्या दारातून गेली. 1970 मध्ये फ्रेडरिक बेकलँड यांना व्यायाम बंद केल्याने झोपेवर काय परिणाम होतो हे पाहायचं होतं. रोज व्यायाम करणारी माणसं त्यांना हवी होती, पण पैसे देऊ केले तरी ती मंडळी महिनाभर थांबायला तयार होईनात. शेवटी आठवड्यातून तीनचार दिवस व्यायाम करणाऱ्यांवर भागवावं लागलं. झोपेविषयीच्या निष्कर्षांपेक्षा हा नकारच पुढच्या संशोधकांना जास्त शिकवून गेला. 1976 मध्ये विल्यम ग्लासर यांनी धावण्यासारख्या गोष्टीला चांगलं व्यसन म्हटलं, माणसाला कणखर करणारं. तीनच वर्षांत विल्यम मॉर्गन यांनी त्याची दुसरी बाजू मांडली : दुखापत झाली, नोकरी धोक्यात आली, घरात बोलणं बंद झालं तरी न थांबणारे धावपटू. ग्लासर आणि मॉर्गन एकाच रस्त्यावर पळणाऱ्या माणसांविषयी लिहीत होते आणि दोघेही खोटं सांगत नव्हते. दोघांचं म्हणणं एकत्र बसवणारी चौकट मात्र तेव्हा नव्हती.

ती 2003 मध्ये मॉन्ट्रियलच्या क्वेबेक विद्यापीठातले रॉबर्ट व्हॅलरँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. आपल्या शोधनिबंधाला त्यांनी देकार्तच्या ग्रंथाचं नाव दिलं, हे योग्यच झालं. त्यांच्या लेखी ध्यास म्हणजे अशी ओढ, की जी गोष्ट आपल्याला मनापासून आवडते, महत्त्वाची वाटते, जिच्यावर आपण वेळ आणि शक्ती खर्च करतो आणि जी हळूहळू आपली ओळख बनते. धावणारा माणूस ‘मी धावतो’ म्हणायचं सोडून ‘मी धावपटू आहे’ म्हणायला लागतो, तो हा टप्पा. इथपर्यंत सगळे सारखेच. फरक पडतो तो ही ओळख आत कशी शिरली यावर. आपल्या मर्जीने, कुठलीही अट न घालता शिरली, तर खेळ आयुष्यातल्या बाकी गोष्टींना जागा ठेवून राहतो. या पुस्तकात त्याला सुसंवादी ध्यास म्हटलं आहे. पण खेळलो तरच मला किंमत, जिंकलो तरच घरात मान, अशा अटी सोबत घेऊन ती ओळख शिरली, तर खेळ माणसाच्या ताब्यात राहत नाही. त्याला इथे पछाडणारा ध्यास म्हटलं आहे. दोन्हींत प्रेम खरं असतं. हा मुद्दा वाचकाने पुस्तकभर लक्षात ठेवावा. पछाडलेल्या खेळाडूचं खेळावर प्रेम नाही असं कुणीही म्हणत नाही. आंद्रे आगासीने 2009 च्या आत्मचरित्रात आपल्याला टेनिसचा तिटकारा होता असं लिहिलं. ती गोष्ट निराळी आणि तिला या विभागणीत बसवण्याची घाई करू नये.

त्याच 2003 च्या निबंधात क्वेबेकच्या सायकलपटूंचा एक अभ्यास आहे. तिथल्या हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ साचतं, चाकं घसरतात, अपघाताची भीती खरी असते. या दिवसांतही सायकल चालवत राहिलेल्यांची आणि हिवाळ्यापुरती सायकल ठेवून दिलेल्यांची तुलना केली, तेव्हा पहिल्या गटात पछाडणारा ध्यास जास्त आढळला. सुसंवादी ध्यासाच्या बाबतीत दोन गटांत तसा फरक नव्हता. म्हणजे हिवाळ्यात थांबलेल्यांचं सायकलवरचं प्रेम उणं नव्हतं. त्यांना थांबता येत होतं, इतकंच.

हे थांबता येणं किंवा न येणं सगळ्यात स्पष्ट दिसतं ते दुखापतीत. नडगीच्या हाडाला बारीक तडा गेलेला धावपटू डोळ्यांपुढे आणा. डॉक्टरांनी सहा आठवडे धावणं बंद सांगितलेलं असतं. पहिले चार दिवस तो पाळतो. पाचव्या दिवशी पहाटे गटातले सगळे निघाले असतील या विचाराने जाग येते. तो घरातल्या घरात उड्या मारून दुखतं का ते बघतो, बोटाने नडगी दाबतो, कालच्यापेक्षा कमी दुखतंय असं स्वतःला सांगतो. घड्याळातला आठवड्याच्या किलोमीटरचा आकडा शून्यावर आलेला असतो आणि तो शून्य त्याला दिवसभर टोचतो. ऑफिसात लक्ष नसतं, बायकोने सहज विचारलं तरी चिडतो. दहाव्या दिवशी तो फक्त दोन किलोमीटर म्हणून बाहेर पडतो. तितकाच तयारीचा, तितकाच मनापासून धावणारा दुसरा एक धावपटू त्याच दुखापतीत पोहतो, सायकलवर पाय फिरवतो, मित्रांच्या शर्यतीला पाणी द्यायला उभा राहतो. त्यालाही वाईट वाटत असतं. पण धावणं बंद झाल्याने आपणच संपलो असं त्याला वाटत नाही. 2006 मध्ये नृत्याच्या विद्यार्थ्यांवर झालेल्या एका अभ्यासातही हेच चित्र होतं : पछाडणारा ध्यास असलेल्यांमध्ये चिघळत गेलेल्या दुखापती जास्त होत्या. दुखणं मान्य करून उपचार घेण्याच्या आड अभिमान येत होता.

इथे वाचक विचारेल, आणि त्याने विचारायलाच हवं, की मग पदकं कोण जिंकतं? बिंद्राच्या सुवर्णपदकाचं काय? याचं सोपं उत्तर नाही आणि या पुस्तकातल्या कुणीही ते असल्याचा आव आणलेला नाही. बास्केटबॉल, वॉटर पोलो आणि तालबद्ध जलतरण या खेळांतल्या खेळाडूंवर व्हॅलरँड यांच्या चमूने 2008 मध्ये काम प्रसिद्ध केलं. सुसंवादी ध्यास असलेले खेळाडू मुख्यतः आपलं कौशल्य वाढवण्याच्या मागे असतात. त्यातून नेमका, हेतुपूर्वक सराव होतो आणि सरावातून कामगिरी. पछाडणारा ध्यासही त्याच सरावापर्यंत पोहोचतो, पण सोबत इतरांना मागे टाकायची ईर्षा आणि हरण्याची भीती घेऊन येतो, आणि त्यातली हरण्याची भीती कामगिरीला खाली खेचते. म्हणजे शिखर दोन्ही वाटांनी गाठता येतं. वाटेतला अनुभव आणि शिखरावरून उतरल्यानंतरचं आयुष्य मात्र सारखं नसतं. मला स्वतःला हा फरक पदकाच्या रंगापेक्षा लहान वाटत नाही. खेळाडूची कारकीर्द पंधरावीस वर्षांची असते आणि तो जगतो सत्तरऐंशी वर्षं.

प्रतिस्पर्ध्याशी वागणंही त्यातून ठरतं. बास्केटबॉलपटूंवरच्या 2009 च्या एका अभ्यासात पछाडणारा ध्यास असलेल्यांमध्ये आक्रमक वागणं जास्त दिसलं, विशेषतः आपल्या लायकीवर कुणी शंका घेतली असं वाटलं तेव्हा. सामना हरणं हे स्वतः हरणं असेल तर समोरचा खेळाडू शत्रूच वाटणार.

मग हा ध्यास कुठल्या वळणाचा होणार हे ठरतं कसं? स्वभावाचा वाटा आहेच, पण भोवतालच्या मोठ्या माणसांचा वाटा फार मोठा आहे, आणि आई-वडील व प्रशिक्षकांनी हे पुस्तक वाचावं असं मला वाटतं ते याचसाठी. नव्याने संगीत शिकू लागलेल्या मुलांवरच्या एका अभ्यासात, ज्यांच्या घरच्यांनी आणि शिक्षकांनी मुलाच्या मर्जीला वाव दिला, त्यांच्यात सुसंवादी ध्यास रुजताना दिसला. घरच्यांनी त्या एकाच गोष्टीला अवास्तव मोल दिलं आणि वाव कमी ठेवला, तिथे दुसरा प्रकार. प्रशिक्षकांवरच्या कामातून दिसलं की प्रशिक्षकाचा स्वतःचा ध्यास सुसंवादी असेल तर तो खेळाडूला विचारतो, कारणं सांगतो, निवडीला जागा ठेवतो. स्वतः पछाडलेला प्रशिक्षक हुकमत गाजवण्याकडे झुकतो.

वाव देणं म्हणजे लाड करणं असा समज आपल्याकडे पक्का आहे. तो दूर करायला सचिन तेंडुलकरचं बालपण पुरेसं आहे. 16 नोव्हेंबर 2013 रोजी वानखेडेवर निरोपाचं भाषण करताना त्याने सांगितलं, की अकराव्या वर्षी वडिलांनी त्याला स्वप्नांमागे जाण्याचं स्वातंत्र्य दिलं होतं, फक्त आडवाटेने जाऊ नकोस असं बजावलं होतं. प्राध्यापक आणि कवी असलेल्या रमेश तेंडुलकरांनी मुलाला आपल्या वाटेवर ओढलं नाही. त्याच भाषणात त्याने रमाकांत आचरेकर सरांविषयीही सांगितलं : एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर स्कूटरवरून नेणारे आणि पोरगा हुरळून जाऊ नये म्हणून कधीही ‘छान खेळलास’ न म्हणणारे सर. सरावाची कडक शिस्त आणि घरचा मोकळा श्वास असं दोन्ही त्या मुलाच्या वाट्याला आलं. शिवाजी पार्कवर सरांचा एक रुपया स्टम्पवर ठेवलेला असे. गोलंदाजाने बाद केलं तर तो त्याचा, नाहीतर सचिनचा. रुपयाची किंमत रुपयाएवढीच होती. घरातली त्याची जागा त्या रुपयावर अवलंबून नव्हती.

याच सचिनच्या आयुष्यातला एक प्रसंग मला या विषयातल्या अभ्यासकांपुढे ठेवावासा वाटतो. मे 1999 मध्ये इंग्लंडमध्ये विश्वचषक चालू असताना वडील गेले. तो घरी आला आणि काही दिवसांत परत जाऊन 23 मे रोजी ब्रिस्टलला केनियाविरुद्ध नाबाद 140 धावा केल्या. बाहेरून पाहणारा याला पछाडलेपण म्हणू शकेल. परत जा असं आईनेच सांगितलं, हे त्याने नंतर सांगितलं आहे. नुसत्या कृतीवरून ध्यासाचा प्रकार ओळखता येत नाही. ती कृती करताना माणसाला मोकळीक होती का आणि ती केली नसती तर त्याने स्वतःला माफ केलं असतं का, हे त्यालाच विचारावं लागतं. म्हणून या विषयातलं बहुतेक संशोधन प्रश्नावलीवर उभं आहे, आणि तीच त्याची मर्यादाही आहे. माणूस स्वतःविषयी जे सांगतो त्यावर विसंबावं लागतं. पुष्कळ अभ्यास एकाच वेळी केलेल्या पाहणीचे आहेत, त्यामुळे कशाने काय घडलं हे ठामपणे म्हणता येत नाही. शिवाय कुणीही शंभर टक्के एका प्रकारचा नसतो. प्रयोगात जुना अनुभव आठवून लिहायला लावलं तर तोच माणूस तात्पुरता एका किंवा दुसऱ्या प्रकाराकडे झुकतो. 2019 मध्ये बेंजामिन शेलेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी दोन्ही प्रकार एकाच माणसात किती प्रमाणात एकत्र नांदतात ते पाहणारी चौपदरी मांडणी केली. त्यामुळे एक चांगला आणि एक वाईट अशी जी सोपी वाटणी प्रचारात आली होती, तिला बराच आळा बसला. ते हवंच होतं.

आणखी एक मर्यादा आहे आणि तिच्याविषयी मला थोडं विस्ताराने लिहायचं आहे, कारण मराठी पुस्तकाचं वेगळं काम तिथूनच सुरू होतं. ही चौकट ज्या समाजात घडली, तिथे खेळ हा आयुष्यातल्या अनेक भागांपैकी एक भाग असतो. नोकरी एकीकडे, घर एकीकडे, खेळ एकीकडे, आणि त्यांचा मेळ बसतो का हा प्रश्न. कोल्हापूरच्या तालमीत राहणाऱ्या बारा वर्षांच्या पोराला हा प्रश्न कसा विचारायचा? तो पहाटे उठतो, आखाड्याची लाल माती खणतो, जोर-बैठका मारतो, वस्तादांच्या नजरेखाली लढतो, थंडाई घोटतो, दुपारी झोपतो, संध्याकाळी पुन्हा मातीत उतरतो. त्याचं जेवण, झोप, ब्रह्मचर्य, मित्र, देव, सगळं त्या चार भिंतींच्या आत आहे. जोसेफ आल्टर यांनी बनारसच्या आखाड्यांचा अभ्यास करून 1992 मध्ये पुस्तक लिहिलं. कुस्ती ही तिथे जगण्याची संपूर्ण रीत कशी असते, हे त्यांनी दाखवलं. आपल्या तालमींनाही ते लागू पडतं. अशा ठिकाणी ओळख एकाच गोष्टीत गुंतणं हा दोष मानला जात नाही, ते साधनेचं लक्षण समजलं जातं. आणि खरंच, तालमीत सोबत असते, वडीलधारी माणसं असतात, मैदान हरल्यावर रात्री पाय चेपून देणारा जोडीदार असतो. एकट्याने अॅप बघत धावणाऱ्या शहरी माणसापेक्षा तो पोरगा कितीतरी बाबतींत अधिक आधारात असतो.

पण त्याच तालमीत अटीही असतात, आणि त्या फार जड असतात. खुराकासाठी घरची म्हैस विकलेली असते, कधी जमिनीचा तुकडा गहाण असतो. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे, पोलीस भरती आहे, दहावी-बारावीला क्रीडागुण आहेत. गरीब घरातल्या मुलाला हे मार्ग मिळतात याचा मला आनंद आहे. कुणी त्यांना बाहेरचं आमिष म्हणून नाक मुरडू नये. मात्र एका गुडघ्याच्या अस्थिबंधावर अख्ख्या घराचं भवितव्य टेकलेलं असेल, तर त्या मुलाला थांबता येईल का, हा प्रश्न मनाचा जितका आहे तितकाच पैशाचा आहे. खाशाबा जाधवांचं उदाहरण घ्या. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे, 1952 मध्ये हेलसिंकीला बँटमवेट गटात कांस्य, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. हेलसिंकीला जाण्यासाठी लोकवर्गणी निघाली. राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले आणि खाशाबांनी परत आल्यावर कुस्त्या करून ते कर्ज फेडलं, असं सांगितलं जातं. हेलसिंकीच्या मॅटवर उतरताना त्यांच्या मनात खेळाचा आनंद किती आणि त्या घराचं ओझं किती, हे आज कोण सांगणार? कॅनडातल्या प्रश्नावलीत गहाण घराविषयी प्रश्न नसतो. आपल्याला तो घालावा लागेल.

हा विषय आत्ताच मराठीत यावा, याचं कारण गेल्या वीस वर्षांत आपल्या खेळाचं रूप झपाट्याने पालटलं. 2004 मध्ये मुंबई मॅरेथॉन सुरू झाली, 2012 मध्ये साताऱ्याची घाटातली अर्धमॅरेथॉन आली, आणि चाळिशीतले हजारो मध्यमवर्गीय स्त्री-पुरुष प्रथमच स्वतःला खेळाडू म्हणू लागले. त्यांना प्रशिक्षक मिळाले, घड्याळं मिळाली, पण विश्रांतीचा दिवस अपराध न वाटता कसा घ्यायचा हे सांगणारं कुणी नव्हतं. 2014 पासून प्रो कबड्डीने गावातल्या चढाईपटूला लिलावाची रक्कम दाखवली. क्रिकेट अकादम्यांत आठ-नऊ वर्षांची मुलं दुसरा कुठलाही खेळ न खेळता वर्षभर एकच खेळ खेळतात आणि त्यांचे वडील जाळीबाहेर उभे राहून व्हिडिओ काढतात. मांडव्याचा अविनाश साबळे, मोहीची ललिता बाबर, कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे यांच्यामुळे लहान गावांतल्या मुलांना ऑलिंपिक डोळ्यांसमोर दिसू लागलं. त्याच वेळी जगातही बोलणं बदललं. टोकियो ऑलिंपिकमध्ये 2021 च्या जुलैत जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स सांघिक अंतिम फेरीतून मध्येच बाजूला झाली, कारण हवेत फिरताना तिला स्वतःच्या शरीराचा अंदाज येईनासा झाला होता. तिच्यावर टीका करणारे पुष्कळ होते. तीन वर्षांनी पॅरिसला तिने तीन सुवर्ण आणि एक रौप्य मिळवलं. थांबणं हा कारकिर्दीचा भाग असू शकतो, हे त्यातून अनेक तरुण खेळाडूंना दिसलं. आपल्याकडे ती मोकळीक अजून फार थोड्यांना मिळते.

मराठीत खेळावर उत्तम लेखन झालं आहे. वि. वि. करमरकरांनी वृत्तपत्राच्या पानावर खेळाला मानाची जागा मिळवून दिली. क्रिकेटवर तर आपल्याकडे रसिलं, जिव्हाळ्याचं लेखन विपुल आहे. त्यातून सामने कळतात, माणसं कळतात, काळ कळतो. खेळाडूच्या मनाच्या आतली घडामोड मात्र बहुधा जिद्द आणि चिकाटी या शब्दांपाशी येऊन थांबते. चरित्रांत संघर्ष असतो आणि मग यश असतं. ज्यांनी तितकाच संघर्ष केला आणि ज्यांना यश आलं नाही, ते पुस्तकांत येतच नाहीत. निवृत्तीनंतरची वर्षं एखाद्या परिच्छेदात उरकतात.

या पुस्तकाने ती उणीव काही अंशी भरून काढायचं ठरवलं आहे. संशोधनाचा आढावा आहे, पण तो पाठ्यपुस्तकी वळणाचा नाही. प्रत्येक सिद्धांत इथल्या खेळाडूंच्या सांगण्यासमोर ठेवून पाहिला आहे, आणि जिथे तो तोकडा पडला तिथे तसं लिहिलं आहे. जिंकलेल्यांइतकीच जागा राज्य पातळीच्या पुढे न गेलेल्यांना दिली आहे, कारण खेळणाऱ्यांत त्यांचीच संख्या मोठी. खो-खो आणि कुस्तीतल्या मुलींच्या लेखांकडे मी वाचकांचं खास लक्ष वेधेन. त्यांच्यासाठी ध्यास ही अनेकदा घरातून बाहेर पडायची एकमेव मान्य सबब होती, आणि लग्न ठरल्यावर ती एका दिवसात काढून घेतली गेली. असा ध्यास सुसंवादी होता की पछाडणारा, याची चर्चा करण्याआधी तो जगायला किती दिवस मिळाला हे विचारावं लागतं. या ठिकाणी पुस्तकाने सिद्धांतापेक्षा अनुभवाचा शब्द मानला आहे आणि मला तो निर्णय पटतो.

चाहत्यांचा ध्यास हा निराळा आणि मोठा विषय आहे, तो इथे घेतलेला नाही. जुगार आणि ऑनलाइन खेळही बाहेर ठेवले आहेत. उत्तेजकांचा विषय जिथे ओघाने आला तिथेच आहे.

शेवटी परिशिष्टातल्या प्रश्नावलीविषयी. व्हॅलरँड यांच्या मोजपट्टीच्या धर्तीवर ती मराठीत बेतली आहे आणि तालमीतल्या, वसतिगृहातल्या मुलांना कळेल अशा भाषेत प्रश्न लिहिले आहेत. तिचा उपयोग खेळाडूने स्वतःसाठी करावा, किंवा ज्याच्यावर त्याचा विश्वास आहे अशा प्रशिक्षकासोबत बसून करावा. संघनिवडीसाठी, शिष्यवृत्तीसाठी किंवा वसतिगृहातल्या प्रवेशासाठी ती कुणीही वापरू नये. निवड त्यावर ठरते असं मुलांना कळलं की ती हवी ती उत्तरं लिहितील, आणि ज्या मुलाला थांबण्याची सगळ्यात जास्त गरज आहे तोच सगळ्यात आधी ते लपवेल.